आधी हसवलं, मग गप्प केलं

डिसेंबर २०१५. ‘बाजीराव मस्तानी’ लागून आठवडा झाला होता. घरचे सगळे तिकडे गेले आणि मी एकटाच ‘स्टार वॉर्स : द फोर्स अवेकन्स’ बघायला. यंदा दिवाळीच्या सुट्टीत १० वर्षांच्या भाच्याला तोच सिनेमा घरी दाखवला.

स्पेस ऑपेरा म्हणजे खरं तर अंतराळात घडणारं पुराणच. मायावी शक्ती, राजकन्या, बापलेकाचं वैर. त्यात विनोद हवा, जुन्या चाहत्यांसाठी ओळखीच्या गोष्टी हव्यात आणि भीतीही खरी वाटायला हवी. एकाचा हात सुटला की बाकीचे फुकट जातात.

दिग्दर्शक जे. जे. अब्राम्सने हे कसं जमवलं बघा. जाक्कूच्या वाळवंटात रे आणि फिन जीव मुठीत धरून पळताहेत. फिन जवळच्या एका यानाकडे बोट दाखवतो, रे म्हणते ते भंगार आहे. तेवढ्यात ज्या यानाकडे ते धावत होते त्याच्याच चिंधड्या उडतात. मग काय, भंगार तर भंगार! कॅमेरा वळतो आणि समोर मिलेनियम फाल्कन, १९७७ च्या पहिल्या सिनेमातलं लाडकं यान. थेटरात शिट्ट्या वाजल्या होत्या. भाच्याला फाल्कन ठाऊकच नव्हतं, तरी तो खो खो हसला. आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कम्पॅटिबल म्हणतात: जुन्यांचं चालू राहतं, नव्यांचं अडत नाही.

दुसरा प्रसंग कायलो रेनचा. चिडला की तो लाइटसेबरने समोरची यंत्रं तोडत सुटतो. एकदा दोन सैनिक तो आरडाओरडा ऐकून गुपचूप मागच्या मागे वळतात. इथेही आम्ही हसलो. पण हाच बेभान राग पुढे त्या अरुंद पुलावर येतो. समोर त्याचा बाप, हान सोलो, मुलाला घरी न्यायला आलेला. वरून येणारा सूर्यप्रकाश विझतो, मुलाच्या चेहऱ्यावर लाल उजेड उरतो, आणि तो बापाच्या आरपार शस्त्र घालतो. हान मरतामरता त्याच्या गालाला हात लावतो.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, त्याने बाबांना खरंच मारलं?”

सगळंच जमलंय असं नाही. स्टारकिलर बेस म्हणजे जुन्या डेथ स्टारचीच मोठी आवृत्ती. त्यात अख्खी ग्रहमाला नष्ट होते आणि आपल्याला काहीच वाटत नाही. १९७७ मध्ये एकच ग्रह गेला होता, पण लेयाला तो उभ्या उभ्या बघावा लागला, म्हणून ते लागलं.

पुढचा ‘द लास्ट जेडाय’ (२०१७) मला आवडतो, पण त्याच्या सुरुवातीलाच पो डॅमेरॉन जनरल हक्सची फोनवर करावी तशी टिंगल करतो. माझ्यापुरता हक्स तिथेच संपला. ज्याला विदूषक केलं, त्याची तासाभराने भीती कशी वाटणार? कायलोच्या बाबतीत विनोद त्याच्या स्वभावातून आला होता. इथे तो वरून चिकटवला.

हा भाग आम्ही पुढच्या सुट्टीसाठी ठेवलाय. ताईची एकच अट आहे: कोण मरतं ते तिला आधी सांगायचं, त्याला नाही.