जुनी कमॅरो, नवं इंजिन : आधी टायर सांगा

क्लचवरचा लेख पुढच्या आठवड्यात. न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलंय, त्याचं उत्तर आधी द्यायला हवं. त्यांच्याकडे १९६७ची शेवरोले कमॅरो एसएस आहे, ३५० घनइंची व्ही-८ आणि मन्सीचा चार गिअरचा एम-२० गिअरबॉक्स असलेली. मूळ इंजिन काढून त्यांना एलएस-३ बसवायचंय. विचारतात, ‘गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल हे झेपवतील ना?’

आधी आकडे बघू. मूळ ३५०ची छापील ताकद २९५ अश्वशक्ती. २००८च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस-३ची ४३०. प्रत्यक्षातला फरक याहूनही मोठा आहे. १९६७ साली अमेरिकेत इंजिन बाकावर ठेवून, गाडीतला सायलेन्सर वगैरे न जोडता ताकद मोजत आणि तोच आकडा मिरवत. १९७२पासून सगळं जोडून मोजायला लागले. कॉर्व्हेटचं एलटी-१ इंजिन १९७१मध्ये ३३०चं होतं, पुढच्या वर्षी कागदावर २५५चं झालं. इंजिन जवळपास तेच!

ॲक्सल मोडतो तो मात्र टॉर्कने, म्हणजे पिळाने. एलएस-३चा टॉर्क ५७५ न्यूटन-मीटर. एम-२०च्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.५२ आणि क्राउन-पिनियनचं ३.५५ धरलं, तर मागच्या चाकांकडे जाऊ शकणारा पीळ होतो पाच हजारांच्या वर. जुन्या इंजिनाचा ५१५चा छापील टॉर्क धरूनही हा आकडा साडेचार हजारांच्या घरात होता. आता दुसऱ्या टोकाकडून या. गाडी सुटताना मागच्या चाकांवर साधारण ८०० किलो वजन येतं असं धरा. रस्त्यावरच्या साध्या टायरची पकड आणि चाकाची त्रिज्या लक्षात घेतली, तर टायर दोन ते अडीच हजार न्यूटन-मीटरच्या पुढे पीळ घेतच नाही. घसरतो, धूर काढतो, मोकळा होतो.

म्हणजे पहिल्या गिअरमध्ये ॲक्सलवर किती भार यायचा हे इंजिन ठरवत नाही, टायर ठरवतो. घरातल्या फ्यूजसारखं त्याचं काम आहे. १९६७च्या अरुंद टायरांनी किती ॲक्सल वाचवले असतील! ५१५च्या जागी ५७५ आले तरी पहिल्या गिअरमध्ये ॲक्सलला ते कळणारसुद्धा नाही. पण त्याच गाडीला ड्रॅग रेसचे चिकट, बिननक्षीचे स्लिक टायर लावले, की तीच मर्यादा चार-साडेचार हजारांवर जाते, आणि मग मूळ इंजिनसुद्धा ॲक्सल तोडू शकतं. म्हणून कुणी ‘झेपेल का’ विचारलं की माझा पहिला प्रश्न टायरचा असतो.

गिअरबॉक्सचं गणित थोडं वेगळं आहे. टायरने ठरवलेली मर्यादा त्याच्यापर्यंत पोचते ती क्राउन-पिनियनच्या गुणोत्तराने भागून. २.७३चं क्राउन-पिनियन असेल तर तेवढ्याच पकडीला गिअरबॉक्समधून जास्त पीळ जातो, ४.१० असेल तर कमी. पण ४.१०चा पिनियन लहान असतो, म्हणजे गिअरबॉक्सचा भार हलका करताना पिनियनचा जीव कमी होतो. वरच्या गिअरमध्ये टायर सहसा घसरत नाही, तिथे इंजिनाचा सगळा पीळ आत उतरतो. चौथा सरळ जोडलेला, त्यात दात्यांवर भार नाही. काळजी दुसऱ्या-तिसऱ्याची. मन्सीने यावर एम-२२ काढला. त्याचे दाते कमी तिरके कापले, त्यामुळे बाजूचा रेटा कमी झाला आणि आवाज इतका वाढला की लोक त्याला ‘रॉक क्रशर’ म्हणायला लागले. मला तो आवाज फार आवडतो.

आता मला खरी धास्ती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. १९६७च्या कमॅरोला मागे एकेरी पाटे होते आणि दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढच्या बाजूला. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल उलटा फिरू बघतो आणि पाट्याला पीळ बसतो. टायर सुटला की पाटा झटक्यात सरळ होतो, टायर पुन्हा धरतो, पाटा पुन्हा वळतो. हे सेकंदात कित्येकदा. गाडीचा मागचा भाग थयथयाट करतो, आणि टायर दर वेळी धरताना क्राउन-पिनियनवर घणाचा घाव बसतो. सलग पीळ पचवणारं लोखंड या घावांनी फुटतं. शेवरोलेलाही हे दिसलं असावं. १९६८मध्ये एक शॉक ॲब्सॉर्बर ॲक्सलच्या मागे गेला आणि ताकदवान मॉडेलना अनेक पानांचे पाटे मिळाले. एडिसनकरांनी पैसे आधी इथे घालावेत, इंजिनाच्या आधी.

ॲक्सल कुठला आहे ते कागदपत्रांवरून ठरवू नका. इतक्या वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही. गाडी स्टँडवर चढवा, खाली झोपा आणि डिफरन्शियलच्या मागच्या झाकणाचे बोल्ट मोजा. दहा असतील तर आतलं क्राउन ८.२ इंची, बारा असतील तर ८.८७५ इंची. १९६९मध्ये शेवरोलेने खास मागणीवरून ४२७ घनइंची इंजिन कमॅरोत घातलं, तेव्हा मागे बारा बोल्टवालाच दिला, ४.१०चा. बारा निघाले तर साध्या टायरवर एलएस-३ खुशाल बसवा. दहा निघाले तर ॲक्सल बदला, आणि बदलताना एक लक्षात ठेवा : दहा आणि बारा बोल्टवाल्या या दोन्हींत ॲक्सल शाफ्ट आतल्या टोकाला एका इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो. शाफ्ट मध्ये तुटला तर चाकाला धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि ते ड्रमसकट बाहेर सरकतं. फोर्डच्या नऊ इंची ॲक्सलमध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाला, बेअरिंगपाशी पट्टीने धरलेला असतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. शेवरोलेत फोर्डचा ॲक्सल बसवायला अनेकांचा हात धजत नाही, मी मात्र डोळे झाकून बसवीन.

तेव्हा बोल्ट किती निघाले आणि टायर कुठले घालणार, हे कळवा. क्लच कितीचा लागेल ते त्यावरच ठरणार आहे.