ज्यूरीला काय सांगितलं होतं? नानावटी खटल्याचा दुर्लक्षित धडा

नानावटी खटल्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या गोळ्यांनी मुंबईत प्रेम आहुजाचा मृत्यू झाला. नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. ज्यूरी भावनेच्या भरात वाहवली, असं आपण म्हणतो आणि विषय तिथेच संपवतो. पण उच्च न्यायालयाने आणखी एक प्रश्न विचारला: न्यायाधीशांनी ज्यूरीला काय समजावलं होतं?

हा प्रश्न महत्त्वाचा का? ज्यूरी कारणं देत नाही. 'दोषी' किंवा 'निर्दोष', एवढंच सांगते. मग वरच्या न्यायालयाने तपासायचं काय? तर न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे केलेलं समारोपाचं निवेदन, कारण ते नोंदलेलं असतं. ते चुकलं असेल, तर निकालाचा पायाच डळमळतो.

झालं असं, की सत्र न्यायाधीशांना ज्यूरीचा निकाल पटला नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे मात्र त्यांच्याच निवेदनातल्या चुका समोर आल्या!

एक चूक पाहू. बचाव असा होता, की झटापटीत गोळ्या अपघाताने सुटल्या. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाचीच. पण 'अपघात' हा कायद्याने दिलेला अपवाद आहे. त्याची परिस्थिती दाखवायचं ओझं तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ नुसार आरोपीवर येत होतं. हे ज्यूरीला नीट सांगितलंच गेलं नव्हतं. उच्च न्यायालयाने मग पुरावा स्वतः तपासला आणि जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पत्नीच्या कबुलीनंतर सुमारे तीन तास गेले होते, त्यामुळे 'अचानक प्रक्षोभ' हा मुद्दाही टिकला नाही.

१९७३ च्या संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही. आज बेलापूरच्या न्यायालयात न्यायाधीश स्वतःच निकाल देतात, पण कारणं लिहून. ज्यूरीच्या काळात चूक शोधायला न्यायाधीशांचं निवेदन होतं, आज निकालपत्र आहे. म्हणून बातमीत शिक्षा किती झाली एवढंच वाचून थांबू नका. कारणं काय दिली, तेही वाचा. अपील त्यांच्यावरच उभं राहतं.