भावंडांचा अभ्यास : एकत्र की वेगळा?

शाळेत न घालता मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांपुढे दुसरे मूल अक्षरे गिरवू लागले की हा प्रश्न उभा राहतोच. थोरला दहाचा, धाकटी सातची. दोघांना एकत्र बसवायचे का?

नागपुरात याचे अर्धे उत्तर अंगणातच मिळते. शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मेअखेरीस एका दुपारी, बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आधीचे काही दिवस धाकटीने पट्टीने सावली मोजावी, थोरल्याने नोंदींचा आलेख काढावा. (त्या उन्हात पाच मिनिटे पुरेत!) विज्ञान, परिसर, गोष्टी असे एकत्र छान चालते.

गणित आणि वाचनाचे तसे नाही. हातच्याच्या वजाबाकीत धाकटी अडखळते, तोच दादा फटकन उत्तर सांगतो. काही दिवसांनी ती विचार करणेच सोडते. वही भरलेली असल्याने हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. या दोन विषयांना रोज अर्धा तास वेगळाच हवा.

समजावून सांगताना थोरल्याचे स्वतःचे पक्के होते, हे खरे. नॉर्वेतील सुमारे 2,40,000 तरुणांच्या 2007 मधील अभ्यासात पहिल्या अपत्याचा बुद्ध्यांक दुसऱ्यापेक्षा सरासरी दोनेक गुणांनी जास्त आढळला. त्यामागे हेही एक कारण असावे, असे मानतात. फरक किरकोळच. तेवढ्यासाठी दादाला रोजचा मास्तर करू नये, त्याचाही अभ्यास असतो.