ही फाइल आली कुठून?

संगणकावर आक्षेपार्ह चित्र सापडले, एवढ्यावरून कुणाला दोषी धरता येते का? ब्राउझर घरोघरी पोहोचला तेव्हापासून न्यायालयांपुढे हा प्रश्न पुनःपुन्हा येतो आणि दर वेळी एकाच ठिकाणी येऊन अडतो: ते चित्र तिथे आले कसे? माणसाने ते शोधून, निवडून जपून ठेवले असेल, तर प्रकरण सरळ आहे. पण त्याने एखादे पान उघडले आणि त्यावरचे सारे काही ब्राउझरने न विचारता डिस्कवर उतरवून घेतले असेल तर? आणि ते पानही त्याने स्वतः उघडलेले नसेल तर?

ब्राउझरच्या या साठ्याला कॅशे म्हणतात. तेच बोधचिन्ह, तीच अक्षरे, तीच जाहिरात दर भेटीला पुन्हा मागवायला नको, म्हणून त्यांची प्रत जवळ ठेवायची, एवढाच त्याचा उद्देश. त्यात माणसाने डोळ्यांनी पाहिलेले असते तसेच पडद्यावर कधीच न आलेलेही असते. पानाच्या तळाशी राहिलेले चित्र, लपलेल्या चौकटीतली जाहिरात, पुढचे पान लागेल या अंदाजाने ब्राउझरने आधीच आणून ठेवलेला मजकूर, सगळे एकाच फोल्डरात.

विंडोजवरच्या क्रोमचे हे फोल्डर उघडले तर ओळखीचे एकही नाव दिसत नाही. ‘इंडेक्स’ नावाची एक फाइल, ‘डेटा’ नावाच्या शून्य ते तीन अशा चार फाइली, आणि ‘एफ’पासून सुरू होऊन पुढे नुसता क्रमांक असलेल्या शेकडो फाइली. १६ किलोबाइटपेक्षा मोठा ऐवज सुट्या एफ-फाइलीत जातो. तिला मूळ नाव नसते, एक्स्टेन्शनही नसते. ती कोणत्या पत्त्यावरून आली, केव्हा आली, सर्व्हरने सोबत काय कळवले, हे सगळे त्या डेटा-फाइलींमध्ये नोंदलेले असते. म्हणजे चित्र एकीकडे आणि त्याचा जन्मदाखला दुसरीकडे. नोंद पुसली गेली आणि चित्र तेवढे उरले, किंवा डिस्कच्या मोकळ्या भागातून नुसते चित्र हाती लागले, तर ते या डिस्कवर कधीतरी होते यापलीकडे तज्ज्ञाने काही म्हणू नये. फायरफॉक्सची रीत वेगळी आहे. २०१४पासून तो प्रत्येक नोंदीची स्वतंत्र फाइल करतो आणि मूळ पत्ता त्याच फाइलीच्या शेवटी लिहितो, त्यामुळे चित्र आणि पत्ता सहसा एकत्र सापडतात.

पण पत्ता मिळाला म्हणजे उगम मिळाला असे नाही. चित्र जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून आलेले असू शकते. त्या सर्व्हरचे नाव त्या माणसाने आयुष्यात ऐकलेले नसते. खरा प्रश्न असा की ते चित्र कोणत्या पानाने मागवले. त्यासाठी क्रोमची हिस्टरी पाहावी लागते. दर भेटीपाशी ती एक सांकेतिक आकडा ठेवते: पत्ता हाताने टाइप केला, लिंकवरून आला, की पानातल्या चौकटीत आपोआप उघडला. आधीची भेट कोणती, तेही लिहिलेले असते. या नोंदी क्रोम साधारण ९० दिवस राखतो. वेळेची नोंद १ जानेवारी १६०१पासूनच्या मायक्रोसेकंदांत आणि जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर रात्री आठला उघडलेले पान दुपारी अडीचचे ठरते, आणि तेव्हा संगणकासमोर दुसराच कुणीतरी बसलेला असतो.

ऑक्टोबर २०२०मध्ये या कामाला अनपेक्षित मदत मिळाली. एका साइटने आणलेली प्रत दुसरी साइट वापरू शकते, म्हणजेच तुम्ही आधी कुठे गेला होता हे तिला ताडता येते, ही गळती थांबवण्यासाठी क्रोमने ८६व्या आवृत्तीपासून कॅशेचे कप्पे पाडायला सुरुवात केली. आता नोंदीच्या सुरुवातीला ‘डीके’ अशी खूण येते, मग पत्त्याच्या पट्टीत तेव्हा जी साइट होती तिचे नाव, मग चौकटीचे, आणि शेवटी चित्राचा स्वतःचा पत्ता. माणसाची खासगी माहिती राखण्यासाठी केलेल्या बदलामुळे चित्र कोणाच्या अंगणात आले हे नोंदीतच वाचता येऊ लागले. साइटचे नाव मिळते, नेमके पान मिळत नाही. तरीही चित्र जाहिरातीतून आल्याचा बचाव खरा की खोटा, हे तपासायला एवढे अनेकदा पुरते.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, नॉर्विच गावच्या एका शाळेत १९ ऑक्टोबर २००४ रोजी हे काहीच हाताशी नव्हते. बदली शिक्षिका म्हणून आलेल्या बाईंच्या टेबलावरच्या विंडोज ९८ संगणकावर मुलांसमोर अश्लील पॉप-अप उघडू लागले. एक बंद केले की दुसरे. शाळेच्या फिल्टरचा परवाना संपलेला होता, अँटिव्हायरस कालबाह्य होता. पोलिसांनी तयार सॉफ्टवेअर चालवून भेटींची यादी काढली आणि बाईंनी स्वतः त्या साइट उघडल्या असे न्यायालयात मांडले. संगणकात आपोआप जाहिराती उघडणारे ॲडवेअर आहे का, हे तपासलेच गेले नाही. ५ जानेवारी २००७ रोजी ज्युरीने त्यांना चार आरोपांत दोषी ठरवले. ४० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती.

त्यानंतर काही स्वतंत्र तज्ज्ञांनी विनामोबदला डिस्कची प्रत तपासली. त्यांना जे दिसले त्यातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. साक्षीत सांगितले गेले होते की पानावरची एक लिंक लाल झाली होती, म्हणजे ती क्लिक झाली होती. तज्ज्ञांनी कॅशेतून त्या पानाचा मूळ एचटीएमएल मजकूर काढला. तो लाल रंग पान बनवणाऱ्यानेच दिलेला होता. भेट दिलेल्या लिंकसाठी त्या संगणकावर नेमलेला रंग तर हिरवट होता. बाईंना अडकवणारी खूण ज्या कॅशेतून काढली होती, तिचे खंडनही त्याच कॅशेत पडून होते. कुणी उघडून वाचले नव्हते. ६ जून २००७ रोजी निकाल रद्द झाला. तरीही नोव्हेंबर २००८मध्ये बेशिस्त वर्तनाचा किरकोळ गुन्हा कबूल करून, १०० डॉलर दंड भरून आणि शिकवण्याचा परवाना गमावूनच त्या सुटल्या.

साधन चुकले तर काय होते, हे मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या ऑरलँडोच्या केसी अँथनीच्या खटल्यात २०११मध्ये दिसले. क्लोरोफॉर्मच्या पानाला ८४ भेटी दिल्याचे एका सॉफ्टवेअरच्या आधारे सांगितले गेले. दुसऱ्या सॉफ्टवेअरने तीच फायरफॉक्सची जुनी हिस्टरी-फाइल वाचली, तेव्हा भेट एकच निघाली. ८४चा आकडा मायस्पेसचा होता. पहिल्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्याने स्वतःच ही चूक कळवली. एका साधनाच्या आकड्यावर कुणाच्या जिवाचा निर्णय होऊ नये.

अमेरिकी न्यायालयांनी कॅशेबद्दल ठरवलेली रेषा माहिती आणि नियंत्रण यांवर उभी आहे. मुलांच्या शोषणाच्या चित्रांवरून चाललेल्या २००२च्या टकर खटल्यात आरोपीला कॅशेची माहिती होती, तो ती नेमाने पुसत असे. त्याची शिक्षा कायम राहिली. ८ मे २०१२ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने म्हटले की कॅशेचे अस्तित्वच ठाऊक नसेल, तर केवळ त्यात चित्र आहे म्हणून ताबा सिद्ध होत नाही. त्याच वर्षी तिथल्या कायद्यात बदल होऊन अशी चित्रे जाणूनबुजून पाहणेही गुन्हा ठरले. मुलांचे शोषण करून बनवलेल्या चित्रांबद्दल कायद्याने कठोर असावे यात मला शंका नाही. त्यासाठीच तपास चोख हवा.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि असा मजकूर प्रत्यक्ष साठवलेला नसला, तरी त्यावर नियंत्रण असेल तर ताबा मानता येतो, असे सांगितले. पॉक्सो कायद्याच्या कलम ३०नुसार पायाभूत गोष्टी सिद्ध झाल्या की दोषी मनःस्थिती गृहीत धरली जाते आणि ती नव्हती हे आरोपीला दाखवावे लागते. अशा वेळी चित्राचा उगम सांगणारी ती छोटी नोंद दोन्ही बाजूंसाठी निर्णायक ठरते.

पुराव्याच्या कागदपत्रांबाबत मात्र आपण पुढे आलो आहोत, आणि त्यात जालन्याचा वाटा आहे. तिथल्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या अनुसूचीत कलम ६३खालच्या त्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे: भाग ‘अ’ पक्षकाराने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश मूल्य, म्हणजे प्रतीचा गणिती ठसा, लिहायचे. हॅश जुळला की प्रत बदललेली नाही एवढे पक्के होते. फाइल कोणत्या पानाने मागवली, तेव्हा पत्त्याच्या पट्टीत कोणती साइट होती, भेट टाइप करून झाली की आपोआप, हे विचारणारा रकाना त्या नमुन्यात नाही. ते तज्ज्ञाने अहवालात आपणहून लिहायचे असते. त्याने लिहिले नसेल, तर वकिलाने उलटतपासणीत एकेक करून विचारायचे असते.