डबाभर कुरव, सतरा गाड्या कुरव

बहात्तर! 36 जोड्या, म्हणजे 72 पक्षी. जुन्या धाटणीच्या स्लीपरच्या एका डब्यात बर्थ असतात, बरोबर तेवढेच. 1981 साली स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाशी, पुंता दे ला बान्या नावाच्या वाळूच्या दांड्यावर ऑडुइनच्या कुरवांनी घरटी केली, तेव्हा सगळी वस्ती एवढीच. 1960च्या दशकात तर जगभरातल्या माहीत असलेल्या जोड्या हजारेक. सकाळी नऊच्या एका लोकलमध्ये याच्या दुप्पट माणसं लटकत असतात!

1983 मध्ये तिथे निसर्ग उद्यान झालं. वस्तीला राखण मिळाली. वर ट्रॉलरवाले नको ती मासळी समुद्रात फेकत, तीही आयती. आता सावरून बसा. 2006 साली जोड्या 15 हजारांवर! 30 हजार पक्षी! 24 डब्यांच्या सतरा गाड्या खच्चून भरा, तरी सहाशे पक्षी फलाटावर उरतात. रुपयांत मांडा: 72 रुपयांचे 25 वर्षांत 30 हजार, म्हणजे दरसाल 27 टक्के चक्रवाढ. एखाद्या पतपेढीने असं व्याज कबूल केलं, तर आपण आधी पोलिसांत जाऊ. (इथे बाहेरच्या वस्त्यांतूनही पक्षी येऊन मिळत होते, म्हणून हिशेब जुळतो.) घरट्यात दोनच अंडी धरली तरी तीस-तीसचे हजार ट्रे. पंख पसरले की एकेक पक्षी सव्वा मीटरचा. पंखाला पंख लावून सीएसएमटीपासून रांग लावली तर ती ठाणं ओलांडते!

आणि हे अर्ध्या-पाऊण किलोचे जीव हिवाळ्यात निघतात आफ्रिकेकडे, काही थेट सेनेगलपर्यंत. सरळ रेषेत 3,400 किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या अकरा खेपा, येऊन-जाऊन! वीस वर्षं दरसाल ही वारी करणाऱ्याचे सव्वा लाखावर किलोमीटर होतात. पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालूनही शिल्लक उरते.

पण सगळ्यात गरगरवणारा आकडा साधा अपूर्णांक आहे: दोन तृतीयांश. तेव्हा जगातले जवळपास तेवढे ऑडुइन कुरव त्या एका दांड्यावर होते! 2011च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या 11 कोटी 24 लाखांपैकी साडेसात कोटी एकाच तालुक्यात राहायला यावेत, तसं.

मग चिंचोळ्या वाळूवरून कोल्हे आले. सतरा गाड्यांची ती वस्ती फुटली. जोड्या पांगल्या, तारागोना आणि बार्सिलोनाच्या बंदरांत जाऊन अंडी घालू लागल्या. 2020 मध्ये निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आययूसीएनने, या कुरवाला ‘असुरक्षित’ जातींच्या यादीत टाकलं.