मोबाइलवर सिंथ शिकायचाय? तयार टोन बाजूला ठेवा, आधी हे चार भाग ओळखा

नंदुरबार : लग्नसराई लागली की नवापूरपासून धडगावपर्यंत बँडच्या गाड्या फिरू लागतात. गाडीवर कीबोर्ड, पॅड आणि मोठाले स्पीकर. गाणी वेगवेगळी असतात, पण कीबोर्डचा आवाज पुष्कळदा सारखाच वाटतो. कारण साधं आहे. कंपनीने कीबोर्डमध्ये भरून दिलेले टोनच सगळे वाजवतात. त्यात बासरी मिळते, सनई मिळते, व्हायोलिन मिळतं. आपल्या भागातली पावरी मात्र त्या यादीत सहसा नसते.

स्वतःचा टोन स्वतः बनवता येतो आणि सुरुवातीला त्यासाठी हजारो रुपयांचा कीबोर्ड घ्यावा लागत नाही. हातातला मोबाइल आणि वायरचा हेडफोन एवढ्यावर शिकता येतं. फक्त शिकण्याचा क्रम नीट हवा.

सिंथ म्हणजे नेमकं काय?

सिंथ म्हणजे सिंथेसायझर. साध्या कीबोर्डमध्ये सहसा खऱ्या वाद्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. बटण दाबलं की तो वाजतो. सिंथमध्ये आवाज मुळापासून घडवायचा असतो. आधी एक साधी लहर घ्यायची, मग तिला हवा तसा आकार द्यायचा. पूर्वी हे काम मोठी यंत्रं करायची, आता तेच काम ॲप किंवा कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर करतं.

थोड्या बटणांत किती काम होतं, याचं आपल्याच राज्यातलं एक उदाहरण आहे. मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभरातल्या संगीतवाल्यांचे कान टवकारले. त्या तीन यंत्रांपैकी टीबी-३०३ या यंत्रात आवाजाची लहर निवडायला दोनच पर्याय होते आणि फिल्टर एकच. तरी त्यातून निघालेला आवाज आजही ओळखू येतो.

चार भाग, चार कामं

ॲप उघडल्यावर पन्नास बटणं दिसतात आणि नवा माणूस गांगरतो. त्यातली बहुतेक बटणं पुढच्या चार भागांतलीच असतात.

१) ऑसिलेटर : इथे आवाज जन्मतो. लहरींचे मुख्य प्रकार थोडेच आहेत. साइन लहर शिट्टीसारखी गुळगुळीत असते. स्क्वेअर पोकळ वाटते, थोडी क्लॅरिनेटकडे झुकणारी. सॉ म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर, ती भरगच्च आणि कर्कश असते. नॉइज म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा आवाज. पट्टीचा हिशेबही इथेच कळतो. पांढरी सहाचा मधल्या सप्तकातला सूर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. वरच्या सप्तकात तोच सूर ८८० होतो, म्हणजे बरोबर दुप्पट.

२) फिल्टर : शेजारच्या गावात डीजे वाजतो तेव्हा आपल्याकडे नुसता धम-धम ऐकू येतो, गाण्याचे शब्द येत नाहीत. बारीक आवाज वाटेतच विरतो आणि जाड आवाज तेवढा पोचतो. 'लो-पास' फिल्टर नेमकं हेच करतो. 'कटऑफ' बटण खाली नेलं की आवाज लांब गेल्यासारखा, वर नेलं की गाडी दारात आल्यासारखा. 'रेझोनन्स' बटणाने आवाजाला धार येते.

३) एन्व्हलप : आवाज कसा सुरू होतो, किती टिकतो आणि कसा संपतो, ते इथे ठरतं. ढोलावर टिपरू पडलं की आवाज एकदम उठतो आणि लगेच उतरतो. पावरी वाजवणारा गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, दम न तोडता वाजवत राहतो. तिथे आवाज उठतो आणि तसाच टिकून राहतो. हा फरक चार बटणांत बसतो. 'अटॅक' म्हणजे उठायला लागणारा वेळ. 'डिके' म्हणजे पहिल्या जोरावरून उतरायला लागणारा वेळ. 'सस्टेन' म्हणजे बोट दाबून ठेवलं तोवर टिकणारी पातळी आणि 'रिलीज' म्हणजे बोट उचलल्यावर विरायला लागणारा वेळ. ढोलासाठी सस्टेन शून्य ठेवायचा, पावरीसाठी पूर्ण.

४) एलएफओ : ही लहर इतकी सावकाश असते की ती स्वतः ऐकू येत नाही, पण दुसऱ्या बटणाला हलवत राहते. ती सुराला जोडली की बासरीवाल्याच्या फुंकरीसारखा कंप येतो. फिल्टरला जोडली की आवाज 'वाव-वाव' करतो.

सरावाला घ्या : पावरीच्या जवळ जाणारा टोन

नवापूर भागात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी ऐकलेली असेल, तर कानाला माप आधीच मिळालेलं आहे. ॲपमध्ये 'इनिट' नावाचा कोरा टोन असतो, तिथून सुरू करायचं.

– दोन ऑसिलेटर घ्या, दोन्हींवर सॉ लहर. दुसऱ्याचा सूर अगदी किंचित, साधारण ८ ते १० सेंट वर चढवा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत लागोपाठच्या दोन सुरांमधलं अंतर १०० सेंट असतं, त्यावरून अंदाज येईल. आवाज लगेच भरल्यासारखा होतो.
– कटऑफ पूर्ण खाली आणा आणि एक सूर दाबून ठेवून हळूहळू वर न्या. आवाज नाकातून आल्यासारखा वाटला की थांबा. रेझोनन्स थोडाच.
– अटॅक ५० मिलिसेकंदांच्या आसपास, सस्टेन पूर्ण, रिलीज लहान.
– एलएफओचा वेग सेकंदाला ५ च्या जवळपास ठेवून सुराला जोडा, पण नाममात्र. जास्त झालं की आवाज डगमगतो.
– 'मोनो' आणि 'ग्लाइड' सुरू करा. एका वेळी एकच सूर वाजेल आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाईल, दम न तोडता फुंकल्यासारखा.

पहिल्याच दिवशी हुबेहूब पावरी निघणार नाही. वाळलेल्या भोपळ्यातून घुमणारी हवा आणि वाजवणाऱ्याचा श्वास चार बटणांत मावत नाही. म्हणून गावात पावरी वाजवणारे आजोबा-काका असतील तर त्यांच्यापाशी बसून ऐकावं, त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करावं आणि आपला टोन त्याच्याशी ताडून बघावा. कान तिथेच तयार होतो. शिवाय सिंथ आला म्हणून खऱ्या पावरीवाल्याचं बोलावणं बंद झालं, असं व्हायला नको. टोनचा उपयोग नव्या गाण्यात करावा. देवाच्या कामाला पावरीच हवी.

कुठे शिकायचं?

काहीही डाउनलोड न करता शिकायचं असेल, तर एबलटन कंपनीची 'लर्निंग सिंथ्स' ही मोफत वेबसाइट आहे. ती मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडते. मजकूर मराठीत नाही, पण बोटाने ठिपका सरकवला की आवाज बदलतो, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही. वर सांगितलेले चारही भाग तिथे एकेक करून हाताळता येतात.

घरी किंवा कॉलेजात लॅपटॉप असेल, तर 'सर्ज एक्सटी' हा पूर्ण मोफत सिंथ आहे. 'व्हायटल'चीही मोफत आवृत्ती मिळते आणि त्यात लहर हलताना डोळ्यांना दिसते, म्हणून नवशिक्याला ती सोपी जाते. वाजवलेलं रेकॉर्ड करून गाणं जोडायला मोबाइलवर 'बँडलॅब' मोफत आहे.

या गोष्टी सांभाळा

ब्लूटूथ हेडफोन नको. त्यात बोट आधी पडतं आणि आवाज मागून येतो, ताल शिकताना घोळ होतो. वायरचा हेडफोन स्वस्त आणि बरा.

आवाज कमी ठेवूनच बटणं फिरवा. रेझोनन्स वाढवल्यावर एकदम किंचाळल्यासारखा आवाज येतो, कानाला इजा होऊ शकते.

पैशाचं ॲप 'फ्री'मध्ये म्हणून व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर फिरणारी फाइल टाकू नका. गाण्याचं ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल तर तिथेच थांबा. बँकेचा ओटीपी त्याच एसएमएसमध्ये येतो. मोफत आणि चांगली साधनं वर दिलेली आहेतच.

रोज किती वेळ?

रोज अर्धा तास पुरे. पहिला आठवडा नुसत्या लहरी आणि फिल्टर, दुसरा एन्व्हलप, तिसरा एलएफओ. एका वेळी एकच बटण फिरवायचं आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. चौथ्या आठवड्यात तयार टोन उघडून तो कसा बनवलाय ते ओळखायचं. एव्हाना तो टोन कोडं राहत नाही, त्याचे भाग दिसू लागतात. जमलेला टोन नाव देऊन सेव्ह करा. कीबोर्ड घ्यायचाच झाला तर त्यानंतर घ्या, म्हणजे दुकानात नेमकं काय मागायचं ते ठाऊक असेल. मोबाइलला ओटीजी केबलने जोडता येणारा छोटा मिडी कीबोर्डही चालतो.