कंपोझिट फळी : पृष्ठभागाला हो, सांगाड्याला नाही

डेक असो वा कुंपण, लाकडाचा घात करतं ते साचून राहिलेलं पाणी. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेत पाइनच्या फळ्यांत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण मुरवत. आर्सेनिकच्या धोक्यामुळे २००३ अखेर घरगुती वापरासाठी ते बंद झालं. कंपोझिटला अशा विषारी मिश्रणाची गरज पडत नाही. पॉलिथिनसारखं प्लास्टिक वितळवून त्यात लाकडाचा भुसा मिसळतात आणि मिश्रण साच्यातून दाबून फळी काढतात. भुशाभोवती प्लास्टिकचं कवच असल्याने पाणी आणि वाळवी यांना सहज शिरकाव मिळत नाही. कोकणातल्या पावसात हा गुण मोलाचा आहे.

‘शेवटी हे प्लास्टिकच’, हा आक्षेप रास्त आहे. टाकाऊ पिशव्या आणि भुसा वापरून बनवलेल्या फळ्या कचरा कमी करतात हे खरं. पण दोन्ही घटक एकजीव झाल्यावर त्यांचा पुनर्वापर अवघड होतो. म्हणून फळी दीर्घकाळ टिकली तरच सौदा फायद्याचा. ‘देखभालीची गरजच नाही’ हा दावाही अर्धवट आहे: कापलेल्या टोकांतून पाणी शिरतं, सावलीत बुरशी धरते. उन्हात फळी लांबीला वाढते, म्हणून टोकांशी फट सोडावीच लागते. शिवाय ती लाकडापेक्षा लवचीक असते. खालच्या वाशांत साधारण ४० सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवलं तर झोळ येतो. तेव्हा पृष्ठभाग कंपोझिटचा करा, पण भार पेलणारा सांगाडा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा किंवा प्रक्रिया केलेल्या लाकडाचाच ठेवा.